फेकीचा मुहूर्त

आमच्या घरामागे जमीन सपाट अशी कुठेच नाही. पिट्सबर्गला सपाटपणाचं वावडंच आहे. वरच्या अंगाला मुलगी उभी राहते, खाली कुंपणापाशी मी. ती फेकते, मी झेलतो, निदान झेलायचा प्रयत्न करतो. एका एप्रिलमध्ये तिच्या बॉलचं टोक माझ्या उजव्या करंगळीवर असं बसलं, की पुढचे तीन आठवडे ती वालाच्या शेंगेसारखी टरटरलेली होती. ऑफिसात जो तो विचारायचा. "मुलीनं बॉल मारला," हे मी तक्रारीच्या सुरात सांगायचो, पण तो सूर काही जमायचा नाही.

ती सोळा वर्षांची आहे आणि शाळेच्या फ्लॅग फुटबॉल टीमची क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारी, आहे. इथल्या टीव्हीवर रविवारी दिसतो तो हेल्मेट, खांद्यांची कवचं आणि धडकाधडकीचा खेळ, त्याचं हे बिनधडकीचं भावंड. कमरेला पट्टा, पट्ट्याला लोंबत्या फिती. बॉल हातात असलेल्या मुलीची फीत ओढली, की तिथे खेळ थांबला. पेनसिल्व्हेनियात मुलींसाठी आता हा शाळांचा अधिकृत खेळ आहे आणि 2028च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही तो असणार आहे. यातला एकच नियम तुम्हाला माहीत असायला हवा. समोरच्या टीमची एक मुलगी सात यार्डांवर उभी असते आणि बॉल मागे आला रे आला, की ती क्वार्टरबॅकच्या अंगावर धावत सुटते. तिला रशर म्हणतात. ती पोचायच्या आत बॉल हातातून गेला पाहिजे. बाकी सगळं तपशील.

सीझनच्या आधी कोच म्हणाला, की दुसऱ्या एका मुलीचा हात मोठा आहे, ती लांब फेकते, तेव्हा बघू. इथे 'आर्म' म्हणतात, आपण हात म्हणतो. अर्थ तोच, बॉल किती लांब आणि किती जोरात जातो. आमची बाई घरी आली, दप्तर टाकलं, खोलीचं दार लावलं. जेवायला आली तेव्हा आईला म्हणाली, "माझा आर्म वीक आहे. तुमच्याकडूनच आलाय." आईनं माझ्याकडे पाहिलं. मला हा आरोप लागला, कारण एके काळी मी हातासाठीच निवडला गेलो होतो.

सांगलीत कॉलेजात असताना टीमची निवड होती. बॅटिंग यथातथा, बोलिंग विचारू नका. पण बाउंड्रीवरून थ्रो मारला तो थेट कीपरच्या ग्लोव्हजमध्ये, टप्पा नाही. निवड करणाऱ्या सरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि मी टीममध्ये आलो. पुढे डीप मिडविकेटला उभा राहून मला कळलं, की बॅट्समन माझ्याकडे बॉल गेला की एकाच्या जागी दोन धावा काढतात. बॉल उचलायचा, दोन पावलं घ्यायची, हात मागे न्यायचा, अंग कमानीसारखं ताणायचं आणि मग सोडायचा, असा माझा शिस्तीचा कार्यक्रम होता. थ्रो सुंदर जायचा, बॅट्समन पोचल्यावर. एकदा कॅप्टन भर मैदानात ओरडला, "फेकायच्या आधी मुहूर्त बघतोस काय रे?" तिसऱ्या मॅचनंतर मी बाहेर. हाताची कीर्ती मात्र राहिली. अजून जुने मित्र भेटले की म्हणतात, काय थ्रो होता तुझा!

त्यामुळे मुलीचा हात लहान आहे हे ऐकल्यावर मी फोन काढला. मोजमापाशिवाय आमच्या धंद्यात दुसरं येतं काय! सेकंदाला 240 फ्रेम टिपणारा स्लो मोशन लावला आणि तिच्या फेकी मोजायला बसलो. सुरुवात कुठून धरायची यावरच आमचं भांडण झालं. शेवटी ठरलं, की दुसरा हात बॉलवरून सुटला तिथून बॉल बोटांतून सुटला तिथपर्यंत. पहिल्या दिवशी आकडा आला 140, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या थोडा वर.

फ्रेम एकेक करून पाहिल्या, की फेक म्हणजे एक हालचाल नाही हे दिसतं. आधी डावा हात बॉलला एक थाप मारतो. ही थाप कशासाठी? कशासाठीच नाही. नारळ घेताना माणूस तो वाजवून बघतो, तशी. मग बॉल खाली जातो, पार बरगडीखाली, तिथून मागे, तिथून वर, कानाजवळ. तोवर साठ-सत्तर फ्रेम संपलेल्या. खरी फेक इथून पुढे: पुढचा पाय रोवला जातो, कंबर फिरते, कंबरेमागून छाती, छातीमागून खांदा, मग कोपर, शेवटी मनगट. चाबकासारखं. बुंध्याकडून सुरू झालेला हिसका टोकाला येईपर्यंत वेग घेत जातो. लांब फेकणाऱ्याचा दंड बघतात लोक, बघायची ती कंबर. आणि थाप मारणं, बॉल बरगडीखाली नेणं, ही वळसा घालून यायची सगळी तयारी जोरासाठी फारशी लागतच नाही. ती हाताची सवय असते.

सहा आठवड्यांनी आकडा 105वर आला. 35 फ्रेम वाचल्या, म्हणजे सेकंदाचा सातवा भाग. एवढ्यात काय होतं? अंगावर येणारी रशर सेकंदाला सहा मीटर पळत असेल, तर एवढ्या वेळात ती जवळजवळ एक मीटर कापते. हातभर अंतर. आणि फीत ओढायला हातच तर लागतो.

आता हिशेबाला बसलोच आहे तर थोडं पुढे जातो, कंटाळा आला तर हा परिच्छेद ओलांडा. हाताची ताकद आणि सुटका (इथे 'रिलीज' म्हणतात, मला सुटका आवडतो) या दोन वेगळ्या देणग्या आहेत असं लोक बोलतात. खरं तर दोन्हींनी विकत घ्यायचं असतं ते एकच, वेळ. कॉलेज फुटबॉलमध्ये मैदानाच्या एका अंगाच्या खुणेवरून पलीकडच्या कडेला मारलेला पंधरा यार्डांचा पास घ्या. स्काउट मंडळी हात जोखायला हाच पास बघतात. कागदावर पंधरा, पण क्वार्टरबॅक सातेक यार्ड मागे उभा आणि बॉल तिरका जाणार. हवेतलं अंतर भरतं जवळजवळ 38 यार्ड. बॉल सरासरी ताशी 49 मैलांनी गेला, तर दीड सेकंदाहून थोडा जास्त वेळ हवेत. त्यातून सेकंदाचा सातवा भाग वाचवायचा तर वेग 54वर न्यायला हवा. पाच मैल. तगड्या हाताला हे जमतं. आता हवेत बाराच यार्ड जाणारा छोटा पास घ्या. तिथे तेवढाच वेळ नुसत्या हाताच्या जोरावर वाचवायचा, तर बॉल ताशी 69 मैलांनी मारावा लागेल. ते कुणालाच शक्य नाही. ताशी साठच्या आसपास बॉल मारणारे हात म्हणजेच अख्ख्या देशात हातावर मोजण्याइतके. लांबच्या पल्ल्यावर ताकद वेळ देते, जवळच्यावर सुटका. आणि खेळात जवळचे पासच जास्त असतात.

हे सगळं जिच्यासाठी मांडलं, ती म्हणाली, "बाबा, यू आर सो वीअर्ड," आणि मग तेच गणित वहीत उतरवून कोचला दाखवायला घेऊन गेली.

या गावात सुटका म्हटली, की एकच नाव निघतं. शिकायला आलो तेव्हा मी इथल्या ओकलंड भागात राहत होतो, युनिव्हर्सिटीच्या दक्षिणेकडच्या उतारावर, जिथे एकमेकांना चिकटलेली विटांची घरं आहेत. डॅन मरिनो हा क्वार्टरबॅक तिथला. त्याचे वडील 'पिट्सबर्ग पोस्ट-गॅझेट' वर्तमानपत्र पोचवायचं काम करायचे. पोरगा तिथेच खेळला, तिथल्याच सेंट्रल कॅथलिक शाळेत शिकला, तिथल्याच पिट युनिव्हर्सिटीसाठी खेळला. त्या वस्तीतल्या मैदानाला आता त्याचं नाव आहे. मी तिथून रोज जायचो आणि मला ते नाव कुणाचं हे वर्षभर माहीत नव्हतं. समजलं ते घरमालकाकडून. भाडं द्यायला गेलो तर त्यानं आत बोलावलं आणि जुनी टेप लावली.

मी क्रिकेटवाला. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण तो हात बघितला आणि बसून राहिलो. बॉल कानाशी. खाली नाही, मागे नाही, थाप नाही. नुसतं मनगट झटकल्यासारखं होतं आणि बॉल साठ यार्डांवर. आपल्याकडे गावच्या जत्रेत जादूगार हातातलं नाणं गायब करतो, तसं. कॅमेरा त्याच्यावर असायचा आणि बॉल कॅमेऱ्याबाहेर गेलेला असायचा. ताकद आणि सुटका एकाच हातात आल्यावर काय होतं ते त्या दिवशी पाहिलं, फक्त काय पाहिलं ते कळायला पंचवीस वर्षं लागली.

आणि तरी 1983च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक टीम कॉलेजातली पोरं पाळीपाळीनं निवडतात तो) त्याच्या आधी पाच क्वार्टरबॅक निवडले गेले. जॉन एल्वे पहिलाच, त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नाही. मग टॉड ब्लॅकलेज, जिम केली, टोनी ईसन, केन ओब्रायन. केली सोडला तर बाकीच्या तिघांची नावं आज त्या त्या गावाबाहेर फारशी कुणी काढत नाही. मरिनोचा नंबर 27वा. कारण 1982चा सीझन वाईट गेला होता, 17 टचडाउन, म्हणजे गुण देणारे पास, आणि 23 इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यांनी झेललेले. शिवाय त्याच्याबद्दल काहीबाही अफवा होत्या, ज्या कधीच सिद्ध झाल्या नाहीत. हात तोच होता, आदल्या वर्षी सगळ्यांना दिपवणारा. पण निवड करणारी माणसं वहीत शेवटची नोंद वाचतात.

सगळ्यात गंमत स्टीलर्सची, म्हणजे गावच्याच टीमची. गावातला मुलगा 21व्या नंबरवर समोर उभा. त्यांच्या क्वार्टरबॅकचं, टेरी ब्रॅडशॉचं, कोपर त्याच वर्षी शस्त्रक्रियेखालून गेलेलं. त्यांनी घेतला गेब्रिएल रिव्हेरा नावाचा बचावपटू, आणि त्याच ऑक्टोबरात मोटार अपघातात त्याचे पाय कायमचे लुळे झाले. ही गोष्ट इथली जुनी माणसं सांगतात तेव्हा शेवटी आवाज खाली येतो. टिंगल सुरू केलेली असते मरिनोवरून आणि संपते रिव्हेरापाशी. त्याच्या आधी 1955मध्ये याच टीमनं जॉनी युनायटस या गावच्याच पोराला घेऊन काढून टाकलं होतं. तो इथल्या ब्लूमफील्डमध्ये मॅचमागे सहा डॉलर घेऊन खेळला आणि दुसऱ्या वर्षी बाल्टिमोरला जाऊन अख्ख्या देशाला माहीत असलेला क्वार्टरबॅक युनायटस झाला.

मायामीत दुसऱ्या सीझनला, 1984मध्ये, मरिनोनं 48 टचडाउन पास फेकले. तोवरचा विक्रम होता 36चा. 5,084 यार्ड. तो आकडा 2011पर्यंत टिकला, तोही अशा काळात की बचाव करणारे पास झेलणाऱ्या रिसिव्हरला आजच्याहून कितीतरी जास्त धसमुसळेपणा करू शकत होते. त्याला पळता येत नव्हतं, गुडघे कॉलेजपासूनच कुरकुरणारे. पण अंगावर माणूस येईपर्यंत बॉल गेलेला असायचा. पाय नसलेल्या माणसाला हातानं पळवलं म्हणा ना.

त्या सीझनच्या शेवटी, जानेवारी 1985मध्ये, सुपर बोल, म्हणजे फायनल. समोरचा क्वार्टरबॅक जो मोन्टाना, तोही इथलाच, मोनोंगाहेला नदीकाठचा, ओकलंडहून फार तर तासाभराच्या अंतरावरचा. त्याचा हात मरिनोच्या निम्मादेखील नाही असं लोक म्हणायचे, आणि 1979मध्ये त्याला घेताना तिसरी फेरी उजाडली होती. मोन्टानाची टीम 38-16ने जिंकली. मरिनोला त्या दिवशी 50 वेळा फेकावं लागलं, कारण त्याच्या टीमला दुसरं काही येतच नव्हतं. तेवीस वर्षांचा होता. सगळ्यांना वाटलं, येईल की परत. 1999च्या सीझनपर्यंत खेळला, परत कधी आला नाही. घरमालकाची टेप इथे संपायची. तो कॉफी करायला उठायचा.

नुसत्या हाताच्या गोष्टी इथे खूप आहेत आणि त्यांतली एक सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जमार्कस रसेल. गुडघ्यांवर बसून साठ यार्ड बॉल फेकायचा. 2007मध्ये ओकलंडच्या (हे दुसरं ओकलंड, कॅलिफोर्नियातलं) रेडर्सनी त्याला पहिल्या नंबरावर घेतला. त्यानं सुरुवात केलेल्या पंचवीस मॅचमध्ये विजय सात, आणि 2010मध्ये घरी. उलट टॉम ब्रेडी 2000मध्ये 199वा. त्याच्याबद्दलच्या टिपणात हात तोकडा असल्याची नोंद होती. पुढे तो या खेळातला सगळ्यात यशस्वी क्वार्टरबॅक ठरला. पण यावरून हाताला काही किंमत नाही असं म्हणणारे लोक मला पटत नाहीत. बफेलोच्या वाऱ्यात डिसेंबरमध्ये क्वार्टरबॅक जॉश अॅलन बॉल मारतो तेव्हा मागे नुसती सुटका असून भागत नाही. हात हा परवाना आहे. तो नसेल तर गाडी रस्त्यावर काढू देत नाहीत. असला म्हणून चालवता येतेच असं नाही.

मोजमापाचा नाद तर विचारू नका. इंडियानापोलिसला दर वर्षी ड्राफ्टआधी पोरांना उभं करून उंची, वजन, पळणं आणि तळहातसुद्धा मोजतात. 2022मध्ये पिटच्याच क्वार्टरबॅकचा, केनी पिकेटचा, तळहात भरला साडेआठ इंच. केवढा गहजब! आमच्या ऑफिसात त्या आठवड्यात एक पट्टी या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती. माझा सव्वाआठ भरला. अकाउंट्समधल्या एका बाईंचा नऊ, त्या दिवसभर खुशीत होत्या. स्टीलर्सनी पिकेटला 20व्या नंबरावर घेतलं. गावात खेळलेला पोरगा पुन्हा हातचा जाऊ द्यायचा नाही, असा त्यामागे 1983चा जुना सल असावा असं मला वाटतं. दोन सीझननंतर तोही दुसरीकडे गेला.

सुटका शिकवता येते का, हा माझ्या घरचा प्रश्न होता. 35 फ्रेम वाचल्या त्या आमच्या मागच्या अंगणात, बाबा समोर असताना. टिम टिबोची गोष्ट मला माहीत होती. डावखुरा, कॉलेजात गाजलेला, पण बॉल कंबरेपर्यंत खाली नेऊन मोठं वर्तुळ काढून फेकणारा. 2010च्या ड्राफ्टआधी त्यानं शिक्षक लावून ते वर्तुळ छाटलं. सरावात छान दिसायचं. मॅचमध्ये माणसं अंगावर आली, की जुनं वर्तुळ परत. माणसाला इंग्रजी कितीही येऊ दे, गरम तव्याला हात लागला की तो "आई गं" असंच ओरडतो. शरीराचीही एक मातृभाषा असते.

म्हणून पहिल्या मॅचला मी फोन घरी ठेवून गेलो. फ्रेम मोजत बसलो असतो तर तिला ते दिसलं असतं.

मे महिन्याची संध्याकाळ, मैदानाच्या कडेला पालकांच्या घडीच्या खुर्च्या. दोघी मुली आलटून पालटून क्वार्टरबॅक. दुसरीनं एक पास असा लांब मारला, की विरुद्ध टीमचे पालकसुद्धा "ओऽऽह" म्हणाले. आमचीच्या वाट्याला शेवटची काही मिनिटं आली, सहा गुणांनी मागे. बॉल हातात आला. रशर निघाली, वेणी मागे उडत होती तिची. आमचीनं डावीकडे पाहिलं आणि बॉल सोडला. मला वाटलं चुकली, कारण जिथे बॉल चालला होता तिथे गवतच होतं, माणूस नव्हतं. मग एका मुलीनं पळता पळता अचानक मान वळवली आणि ती तिथे पोचली. बॉल आधी निघाला होता, ती नंतर वळली होती. थाप नव्हती, वळसा नव्हता. रशरच्या हातात फीत आली तेव्हा आमचीचे दोन्ही हात रिकामे होते.

त्या मुलीच्या हातातून बॉल निसटला. मॅच हरलो.

गाडीत बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "मी फेकलं तेव्हा ती वळलीच नव्हती." मी म्हटलं, "पाहिलं मी." ती म्हणाली, "कोचनीपण पाहिलं." आणि खिडकीबाहेर बघत हसली.

माझं आजोळ मंगळवेढ्याकडचं, ज्वारीच्या काळ्या रानातलं. लहानपणी थंडीत मामा आम्हाला पाखरं राखायला माळ्यावर घेऊन बसायचे. चार बांबूंवर बांधलेला माळा, खाली हातातोंडाशी आलेली कणसं आणि मामांच्या हातात गोफण. सुताची वीण, मधे खोबण, खोबणीत गोटा. एका टोकाचा फास बोटात, दुसरं टोक चिमटीत. डोक्यावर फिरवायची आणि चिमटी सोडायची. मी जीव खाऊन गरगर फिरवायचो आणि गोटा भलतीकडे, एकदा तर मागे बैलांच्या गोठ्यावर. मामा दीड फेरा द्यायचे, जास्त नाही. सूं करून गोटा जायचा आणि कणसांवरून पाखरांची चादर उठायची.

मामा आता ऐंशीच्या पुढे आहेत. रविवारी व्हिडिओ कॉल असतो. त्या रविवारी मी त्यांना मुलीची फेक दाखवली, साधी आणि मग स्लो मोशनमध्ये. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग नातवाला म्हणाले, परत लाव. तीनदा पाहिलं.

"पोरगी सोडतीया झ्याक," मामा म्हणाले. "पर पाखरं कुठं हैत?"